ओळंब्याला खोटे पाडणारे घर

गवंड्याच्या पिशवीत ओळंबा असतो. दोरी आणि तिच्या टोकाला वजन, एवढेच. भिंत सरळ आहे की नाही, याचा शेवटचा निकाल तोच देतो. इंग्लंडमध्ये एक इमारत अशी होती, की तिथे ओळंबाच खोटा वाटायचा!

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, डडली शहराजवळ, हिमली नावाचे गाव आहे. तिथे १७६५ साली लाल विटांचे एक शेतघर बांधले गेले. १८३०च्या सुमारास त्याचा पब झाला. पब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गुत्ता येतो. पण इंग्रजी खेड्यातला पब म्हणजे गावचा पार आणि चहाचे हॉटेल यांच्या मधला प्रकार. त्याची ठेवणही बहुधा घरासारखीच. लहान खोल्या, बुटकी छते, भिंतीतली शेकोटी. हिमलीचा हा पबही असाच साधा. ग्लिन या जमीनदार घराण्यावरून त्याला ‘ग्लिन आर्म्स’ नाव पडले. पण लोक त्याला ‘क्रूकेड हाउस’, म्हणजे वाकडे घरच म्हणत.

हा वाकडेपणा खाणींमुळे आला. या भागात कोळशाचा थर ठिकठिकाणी तीस फूट जाडीचा. एकोणिसाव्या शतकात तो उपसला गेला, खालची जमीन पोकळ झाली आणि घराची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे चार फूट खचली. दारे-खिडक्यांसकट अख्खे घर कलले, पण उभे राहिले.

१९४०च्या दशकात ते धोकादायक ठरले. पाडायचेच, असे ठरत होते. तेव्हा बिअर बनवणाऱ्या एका स्थानिक कंपनीने ते विकत घेतले, बाहेरून विटांचे भक्कम धिरे दिले, लोखंडी तुळया घातल्या. सरळ मात्र केले नाही. होते तसे वाकडेच पक्के केले. या इमारतीचा मूळ गवंडी कोण होता कोण जाणे. मला तरी ‘सरळ करू नका’ म्हणणारा माणूस मोठा वाटतो.

भाचा बर्मिंगहॅमला शिकत असताना त्याच्याबरोबर मी तिथे गेलो होतो. आत शिरताच पहिल्यांदा हात भिंतीला गेला. भिंतीवरचे घड्याळ तिरपे दिसले. वास्तविक त्या खोलीत सरळ होते ते घड्याळच! भाच्याने टेबलावर गोटी ठेवली, ती चक्क चढ चढत निघाली. यात जादू नाही. आपला डोळा भिंत आणि चौकट यांनाच सरळ मानतो. त्याच कललेल्या, म्हणून उतार असतो तिथे चढ दिसतो. शेजारच्या बाकावरचे म्हातारे आजोबा आमच्या तोंडाकडे बघून हसत होते. रोजचीच करमणूक असावी.

५ ऑगस्ट २०२३च्या रात्री या पबला आग लागली. नव्या मालकांकडे जाऊन त्याला काही आठवडेच झाले होते. वरच्या मजल्याचा काही भाग उतरवण्याइतकीच स्थानिक कौन्सिलची संमती होती. पण ७ ऑगस्टला सगळी इमारत भुईसपाट झाली. वारसा-यादीत तिचे नाव नव्हते. लोक हळहळले, संतापले. फेब्रुवारी २०२४ मध्ये साउथ स्टॅफर्डशायर कौन्सिलने नोटीस काढली: आगीपूर्वी होती तशी इमारत तीन वर्षांत पुन्हा बांधा. मालकांनी त्यावर अपील केले.

असा हुकूम इंग्लंडला नवा नाही. लंडनमधला ‘कार्ल्टन टॅव्हर्न’ २०१५ मध्ये परवानगीविना पाडला गेला. तो पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ मध्ये उघडला. पण तो मुळात सरळ होता. इथे जमिनीने शंभर-दीडशे वर्षांत जे केले, ते माणसाने करायचे आहे.

मी आमच्याकडच्या एका जुन्या गवंड्याला विचारले, अशी वाकडी भिंत बांधशील का? तो म्हणाला, “फुटाला किती कलवायची ते सांगा साहेब, बांधतो की. पण ते घर खचताना प्रत्येक खोली आपापल्या परीने मुरडली असणार. ती मापं कुणी घेऊन ठेवलीत?”