पूर्णेच्या खोऱ्यातील औषधांची वाट

नदीत सोडलेल्या सांडपाण्याचा परिणाम गणिताने मांडण्याचा पाया १९२५ साली घातला गेला. स्ट्रीटर आणि फेल्प्स या अमेरिकी संशोधकांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून पाण्यातील प्राणवायू कसा घटतो व पुढे कसा भरून येतो याचे समीकरण त्या वर्षी प्रसिद्ध केले. औषधांचे अंश हा विषय बराच नंतरचा असून, अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या सांडपाण्यात क्लोफायब्रिक आम्ल, म्हणजे रक्तातील चरबी कमी करणाऱ्या औषधाचा अवशेष, आढळल्याची नोंद १९७७ मधील आहे. आज औषधाचा खप, त्यातील शरीराबाहेर पडणारा भाग आणि शुद्धीकरणानंतर उरणारा भाग यांचा गुणाकार नदीच्या प्रवाहाने भागून अपेक्षित प्रमाण काढतात. वऱ्हाडात हा भाजकच उन्हाळ्यात शून्याजवळ येतो, आणि ही अडचण केवळ पर्जन्यमानाची नाही, ती पाणीपुरवठ्याच्या इतिहासातून आलेली आहे.

ब्रिटिश अमदानीत बांधलेले वडाळी व छत्री हे तलाव अमरावतीची तहान भागवीत, तोवर शहराचे पाणी शहराच्याच परिसरात राही. पुढे मोर्शीजवळ सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरण झाले आणि गोदावरीच्या खोऱ्यातील वर्धा नदीचे पाणी नळाने शहरात येऊ लागले. वापरल्यावर मात्र ते अंबा नाल्यातून पेढीत, पेढीतून पूर्णेत आणि अखेर तापीत जाते, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या पाण्याची दिशा शहरातील घरांतून अरबी समुद्राकडे वळते. अकोल्यात काटेपूर्णेवरील महान धरणाचे पाणी पितात, सांडपाणी मात्र मोर्णेत उतरते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन शरीरातून जवळजवळ न बदलता लघवीवाटे बाहेर पडते. धरणांनी अडवलेल्या नद्यांच्या कोरड्या पात्रात त्याला विरळ करणारे दुसरे पाणी उन्हाळ्यात फारसे नसते. जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकरांनी मोर्णेचे काठ मोठ्या उत्साहाने स्वच्छ केले, आणि ते काम खरोखर मोलाचे होते. पण विरघळलेले औषध फावड्याने निघत नाही.

या खोऱ्याच्या प्रतिमानात, म्हणजे प्रवाहाच्या गणिती प्रतिकृतीत, जलवाहिन्यांनाही नद्यांइतकेच स्थान द्यावे लागेल, आणि काळ्या मातीलाही. कारण सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतात, तर अपस्मारावरील कार्बामॅझेपिन पाण्याबरोबरच दूरवर वाहते. पावसाळ्यातील पूर तो गाळ चांगदेवजवळ तापीत नेतो, जिथून पुढे हतनूरचा जलाशय त्याला अडवतो. त्यामुळे प्रतिमानाची पडताळणी करताना नमुने प्रथम तेथील गाळातून घेणे सयुक्तिक ठरते.