म्हातारी कोंबडी, कणकेचे गोळे आणि महामंदीची दंतकथा

#थ्रेड #इतिहास

१/ अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत 'चिकन अँड डम्पलिंग्ज' हा दाट, दुधाळ रस्सा घरोघरी रांधला जातो. तो महामंदीच्या काळात दारिद्र्यापोटी जन्मला, असे वारंवार वाचावयास मिळते. कथा हृद्य आहे. खरी मात्र नाही.

२/ १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया' या पाकपुस्तकात हा पदार्थ आढळतो. महामंदी त्यानंतर ५० वर्षांनी आली.

३/ मुळात त्या काळी कोंबडी हे गरिबाचे मांस नव्हतेच. कोंबडी पाळली जाई ती अंड्यांसाठी. अंडी देणे थांबले की मगच तिच्यावर सुरी चाले. अशा म्हाताऱ्या कोंबडीचे मांस चिवट. तळून ते खाण्याजोगे होत नसे. मंद आचेवर तासन् तास शिजवले, की चिवट तंतू विरघळून रस्सा चिकट व चविष्ट होई. पण एका कोंबडीत मोठे कुटुंब कसे जेवणार? म्हणून त्यात पीठ आले. भिजवलेल्या पिठाचे तुकडे उकळत्या रश्श्यात सोडले, की पोटही भरे आणि पिठामुळे रस्सा आपोआप दाटही होई. दूध-साय असली तर वरून. मित्रहो, आपली वरणफळे वा चकोल्या आठवा. युक्ती तीच, फक्त डाळीच्या जागी कोंबडी.

४/ लाटून कापलेल्या चपट्या पट्ट्या खऱ्या, की चमच्याने सोडलेले फुगीर गोळे, हा वाद तिकडे आजही रंगतो. फुगीर गोळ्यांना घरोघरी पोहोचवले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बेकिंग पावडरने. पट्ट्यांना तिची गरज नव्हती.

५/ पाकपुस्तकांवर नावे मालकिणींची असत. दक्षिणेतील संपन्न घरांत चुलीपुढे उभ्या असत त्या बहुधा गुलामगिरीत जखडलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. कोंबड्याही अनेकदा त्यांच्याच. माउंट व्हर्ननवरील गुलाम स्वतःच्या कोंबड्या पाळून विकत, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांचे घर होते!

६/ १९२८च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या एका जाहिरातीने 'प्रत्येक पातेल्यात कोंबडी' हे समृद्धीचे लक्षण म्हणून मिरवले. कोंबडी स्वस्त असती, तर असे कोणी मिरवले असते का?

७/ चित्र पालटण्याची सुरुवात मात्र पाच वर्षे आधीच, एका चुकीतून झाली होती. १९२३ साली डेलावेअरमधील सेसिल स्टील या गृहिणीने ५० पिले मागवली, आली ५००. परत न पाठवता तिने ती मांसासाठी वाढवून विकली. नफा पाहून १९२६ पर्यंत तिने १०,००० पक्ष्यांची सोय केली. पुढे कोवळी, झटपट शिजणारी कोंबडी बाजारात मुबलक झाली.

८/ तिचा रस्सा मात्र पातळ. १९४७ साली कॅम्पबेल कंपनीने 'क्रीम ऑफ चिकन' सूप डब्यात आणले, आणि म्हातारी कोंबडी तासन् तास शिजून जो दाटपणा देई, तो अनेक घरांत डबा फोडून पातेल्यात ओतला जाऊ लागला.