स्नायूंतील परजीवी : ओळखशास्त्राची प्रस्तावना

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा म्हशीची अन्ननलिका हातात घ्यावी. ती उभी चिरून उजेडात धरली, की कधीकधी स्नायूंमध्ये तांदळाच्या दाण्यासारखे पांढुरके, दोन्ही टोकांना निमुळते कोश दिसतात. हा 'सार्कोसिस्टिस फ्युजिफॉर्मिस' नावाचा परजीवी. बोटांना तो लागतो, डोळ्यांना दिसतो, आणि त्यामुळेच विद्यार्थ्याला वाटते की ओळख पटली. खरा अभ्यास तिथून पुढे सुरू होतो.

१८४३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मीशर या शास्त्रज्ञांनी घरातल्या उंदराच्या स्नायूंत असे पांढरे धागे पाहिले. ते नेमके कसे जगतात, हे कळायला मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. १९७२ मध्ये हायडॉर्न आणि रोमेल यांनी दाखवून दिले, की या परजीवीला दोन यजमान लागतात. चरणाऱ्या जनावराच्या स्नायूंत त्याचा कोश तयार होतो, आणि ते मांस कच्चे खाणाऱ्या प्राण्याच्या आतड्यात त्याची लैंगिक वाढ होते. तिथून तो विष्ठेवाटे पुन्हा गवतावर आणि पाण्यात उतरतो. म्हणजे कोशाची प्रजाती ठरली, की ते मांस खाणारा दुसरा यजमानही ठरतो. ओळखशास्त्राचे सारे मोल यात आहे.

मेंढीचेच पाहा. 'सार्कोसिस्टिस जायगँटिया'चे कोश दीड सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि सहज नजरेत भरतात. ते मांजरामार्फत पसरतात आणि मेंढीला सहसा त्रास देत नाहीत. त्याच वंशातल्या 'सार्कोसिस्टिस टेनेला'चे कोश सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. ते कुत्र्यामार्फत पसरतात, आणि संसर्ग जास्त झाला तर मेंढीला पंडुरोग होतो, गाभण मेंढी गाभडते. जे दिसते ते बहुधा निरुपद्रवी, जे दिसत नाही ते घातक. नुसत्या नजरेवर भिस्त ठेवणाऱ्याची इथेच फसगत होते.

म्हणून पद्धती अनेक शिकाव्या लागतात. स्नायूचा पातळ तुकडा दोन काचांमध्ये दाबून पाहणे ही पहिली पायरी. पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात मांस पचवले, की कोशातले केळ्याच्या आकाराचे जीव मोकळे होतात. अल्प संसर्गही त्यातून सापडतो. पण कोशाची भिंत विरघळून गेल्याने प्रजाती मात्र कळत नाही. त्यासाठी रंगवलेला ऊतकाचा छेदच हवा. 'टेनेला'ची भिंत जाड आणि उभ्या रेघांची, मेंढीतल्याच 'सार्कोसिस्टिस एरिएटिकॅनिस'ची पातळ. कोशाच्या आत पडदे दिसले, तर तो टोक्सोप्लाझ्मा हा स्नायूंत कोश करणारा दुसरा परजीवी नव्हे. तरीही शंका उरली तर पीसीआर ही डीएनए-तपासणी आहेच.

स्नायूंत राहणारे सगळेच सार्कोसिस्टिस नसतात. मेंढीच्या हृदयात आणि श्वासपटलात 'सिस्टिसर्कस ओव्हिस' हा पट्टकृमीचा पाणीदार कोश सापडतो. तो मेला की त्यात कॅल्शियम साचते आणि सुरी करकरते. तोही कुत्र्याकडून येतो, माणसाला होत नाही. डुकराच्या स्नायूंतला 'सिस्टिसर्कस सेल्युलोसी' मात्र माणसाच्या पट्टकृमीचा कोश आहे. त्याच पट्टकृमीची अंडी अस्वच्छ अन्नपाण्यातून माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूत कोश होऊन फेफरे येऊ शकते.

या अभ्यासाला मुंबईसारखी जागा नाही. परळमध्ये पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. हाफकिन संस्था आणि के. ई. एम. रुग्णालय त्याच परिसरात आहेत. देवनारच्या पशुवधगृहात दूरदूरच्या रानांत वाढलेली जनावरे येतात. त्यांच्या स्नायूंत सापडलेला प्रत्येक कोश त्या रानातल्या कुत्र्या-मांजरांची खबर देतो. उदाहरणार्थ, धनगराच्या वाड्यावरचे कुत्रे मेलेल्या मेंढीचे कच्चे मांस खाते आणि त्याच कळपाच्या चराईत विष्ठा टाकते. हे चक्र तोडायचे, तर मेलेले जनावर खोल पुरावे आणि कुत्र्याला कच्चे मांस घालू नये. सांगायला हे सोपे आहे. पण कळपात 'टेनेला' आहे हे ठामपणे कळल्याशिवाय धनगराला ते पटवून कोण देणार?

तेव्हा नव्या अभ्यासकाने प्रत्येक नमुन्यासोबत जनावर, स्नायू, कोशाची भिंत आणि जनावर कुठून आले, या चारही गोष्टी लिहून ठेवाव्यात. या क्षेत्रात काम पुष्कळ आहे आणि माणसे थोडी. सूक्ष्मदर्शकापाशी बसण्याची चिकाटी असलेल्या प्रत्येकाचे इथे मनापासून स्वागत आहे.