हिशेबाची भाषा आणि ती जाणणारी माणसं



बँकेत पासबुक भरून घेतलं की व्याजाचा आकडा छापून येतो. तो हिशेब संगणक करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण संगणकाला हिशेब शिकवला कोणी? आणि शिकवणारी माणसं निवृत्त झाली तर काय होतं? आज आम्ही हाच इतिहास सांगणार आहोत. तो घडला अमेरिकेत, पण त्यात बायकांचा वाटा मोठा आहे.

१९५०च्या दशकात एकेक संगणक खोलीएवढा असे. संगणकाला कामाच्या सूचना क्रमाने लिहून द्याव्या लागतात. त्या यादीला प्रोग्रॅम म्हणतात. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची सूचना घेण्याची रीत वेगळी होती. यंत्र बदललं की प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून लिहा!

ग्रेस हॉपर या गणितातल्या विदुषी अमेरिकेच्या नौदलात होत्या. त्यांचं म्हणणं असं, की पगार आणि मालाचा हिशेब ठेवणाऱ्यांना गणिताची अवघड चिन्हं कशाला हवीत? बेरीज, वजाबाकी हे साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता आलं पाहिजे. त्यांनी तशी एक भाषा करून दाखवली, तिचं नाव फ्लो-मॅटिक. पुढे १९५९ साली मेरी हॉज या दुसऱ्या कंपनीतल्या बाईंनी मागणी केली, की सगळ्या यंत्रांवर चालेल अशी हिशेबाची एकच भाषा हवी. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात बैठक झाली, समिती नेमली गेली आणि कोबोल ही भाषा तयार झाली. जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टिअर्नी या दोघी ती घडवणाऱ्यांत होत्या. डिसेंबर १९६०मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला.

मग बँका, विमा कंपन्या, पेन्शन आणि पगाराची सरकारी खाती यांनी आपला कारभार कोबोलवर नेला. त्यातले कितीतरी प्रोग्रॅम आजही चालू आहेत. ते बदलत का नाहीत? घरात माणसं राहत असताना घराचे वासे बदलण्यासारखं ते काम आहे. शिवाय चाळीस-पन्नास वर्षांत कायदे बदलले, व्याजदर बदलले, तसतशी त्या प्रोग्रॅममध्ये ठिगळं लागत गेली. कुठलं ठिगळ का लावलं, हे बऱ्याच ठिकाणी कागदावर नसून लावणाऱ्याच्या डोक्यात राहिलं.

पहिला मोठा फटका बसला १९९०च्या दशकात. सुरुवातीला संगणकात जागा फार महाग होती, म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. २००० साल उजाडलं की यंत्र ते १९०० समजणार, म्हणजे वय चुकणार आणि व्याजही चुकणार. जुने प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करायला जाणकार हवे होते. तेव्हा भारतातल्या हजारो इंजिनिअरांना हे काम मिळालं. १९६८ साली मुंबईत सुरू झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनीही त्या कामात होती.

ते संकट टळलं, पण नवी पिढी कोबोलकडे वळली नाही. कॉलेजांत नव्या भाषा शिकवल्या जाऊ लागल्या. नवं उभारणाऱ्याचं कौतुक होतं, जुनं सांभाळणाऱ्याकडे कोण बघतं? आपण बायकांना हे वेगळं सांगायला नको. जाणकार एकेक करून निवृत्त होत गेले. अमेरिकेत वृद्धांची पेन्शन सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला कोबोलसाठी आपलेच निवृत्त कर्मचारी परत कामावर बोलवावे लागले, अशी नोंद तिथल्या सरकारी तपासणी अहवालात २०१६ साली झाली.

मग आला २०२०चा कोरोना. न्यू जर्सी राज्यात दोन आठवड्यांत साडेतीन लाखांहून जास्त लोकांनी बेकारी भत्त्यासाठी अर्ज केले. भत्त्याची यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी. तिथल्या गव्हर्नरांनी पत्रकारांसमोर जाहीर आवाहन केलं, की कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं. इकडे चूल थंडावलेली माणसं भत्त्याची वाट पाहत होती. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं, की जुना कोबोल प्रोग्रॅम तग धरून होता, अडचण जास्त करून अर्ज घेणाऱ्या नव्या वेबसाइटची होती. म्हणजे जुनं असणं हा दोष नव्हता. दोष होता तो राखणीवर खर्च न करण्याचा आणि हाताखाली माणूस तयार न करण्याचा.

मैत्रिणींनो, आता आपल्या गटाचं दप्तर आठवा. कर्जाचं व्याज कसं काढायचं, हप्ता चुकला तर दंड कसा लावायचा, हे किती जणींना येतं? बहुतेक गटांत सगळी भिस्त एकट्या सचिवावर असते. ती आजारी पडली किंवा कामासाठी गाव सोडून गेली, तर पैसे असूनही व्यवहार अडतो, आणि मग संशय सुरू होतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. प्रत्येक नियम ठराव वहीत कारणासकट लिहा. सचिवाच्या शेजारी दर महिन्याला वेगळी सदस्य बसवा. दप्तर लिहिणं हे काम आहे असं माना, आणि शक्य असेल तर त्याचं मानधन ठरवा. येत्या बैठकीत एका कर्जाचं व्याज सचिवाऐवजी दुसऱ्या कुणीतरी सगळ्यांसमोर मोठ्याने काढून दाखवावं. नाही जमलं, तर शिकवायला सचिव आज आपल्यात आहे.