रेसिडेंट इव्हिल ४ : विविध कन्सोलवरील आवृत्त्या

रेसिडेंट इव्हिल ४ (जपानमधील नाव : बायोहॅझर्ड ४) हा कॅपकॉम या जपानी कंपनीने तयार केलेला भयप्रधान अ‍ॅक्शन व्हिडिओ गेम आहे. शिन्जी मिकामी यांनी दिग्दर्शित केलेला हा खेळ जानेवारी २००५ मध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूब या कन्सोलसाठी प्रकाशित झाला. अपहरण झालेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या मुलीला, ॲशली ग्रॅहॅमला, शोधण्यासाठी स्पेनच्या ग्रामीण भागात आलेला लिओन केनेडी हा त्याचा नायक होय. पुढील सुमारे पंधरा वर्षांत हा खेळ अनेक कन्सोलवर व संगणकावर नेण्यात आला आणि प्रत्येक वेळी त्यात कमीअधिक बदल झाले.

पार्श्वभूमी

२००२ च्या अखेरीस कॅपकॉमने गेमक्यूबसाठी पाच नव्या खेळांची घोषणा केली, त्यांपैकी हा एक होता. तो केवळ याच कन्सोलवर मिळेल अशी सर्वसाधारण समजूत होती. मात्र खेळ बाजारात येण्याच्या काही महिने आधीच, २००४ मध्ये, प्लेस्टेशन २ आवृत्ती जाहीर झाली. यामागील व्यावसायिक कारण उघड आहे. गेमक्यूबची एकूण विक्री २ कोटी २० लाखांच्याही आत राहिली, तर प्लेस्टेशन २ चे १५ कोटींहून अधिक संच विकले गेले.

प्लेस्टेशन २ आवृत्ती (२००५)

ही आवृत्ती ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झाली. मूळ खेळ गेमक्यूबच्या रचनेचा पुरेपूर वापर करून बांधलेला असल्यामुळे हे काम सोपे नव्हते. गेमक्यूबमध्ये पृष्ठचित्रे (टेक्स्चर) संक्षिप्त स्वरूपात साठवून थेट वापरण्याची यांत्रिक सोय होती. प्लेस्टेशन २ मध्ये ती नव्हती, शिवाय तिची चित्रस्मृती अवघी ४ मेगाबाइट होती. परिणामी पात्रांच्या व परिसराच्या आकृत्या सोप्या कराव्या लागल्या, चित्रांचा तपशील घटला आणि प्रकाशयोजना व धुके यांचे परिणाम सौम्य झाले.

सर्वांत लक्षणीय बदल कथादृश्यांचा होता. गेमक्यूबवर ही दृश्ये खेळ चालू असतानाच कन्सोल रेखाटत असे. प्लेस्टेशन २ वर त्याऐवजी आधीच मुद्रित केलेली चित्रफीत दाखवण्यात आली. त्यामुळे एक गमतीदार विसंगती निर्माण झाली: खेळाडूने लिओनला वेगळा पोशाख दिला, तरी कथादृश्य सुरू होताच तो पुन्हा नेहमीच्याच कपड्यांत दिसे.

या उणिवांच्या बदल्यात मजकुराची मोठी भर पडली. एडा वाँगच्या बाजूने तीच कथा सांगणारा ‘सेपरेट वेज’ हा पाच प्रकरणांचा उपखेळ, नवे पोशाख आणि पी.आर.एल. ४१२ हे लेसर-शस्त्र तीत होते. रुंद पडद्याची खरी सोयही येथे मिळाली. मूळ खेळात चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या होत्या. गेमक्यूबवरील दोन तबकड्यांऐवजी येथे एकच डीव्हीडी पुरली.

संगणक व वी (२००७)

पहिली संगणक आवृत्ती प्लेस्टेशन २ आवृत्तीवर बेतलेली होती व ती सर्वांत सदोष मानली जाते. तिच्यात माउसने नेम धरण्याची सोय नव्हती. गोळीबारावर आधारलेल्या खेळासाठी ही त्रुटी मोठीच म्हणावी लागेल. प्रकाश व सावल्यांचे अनेक परिणामही सुरुवातीला गायब होते.

त्याच वर्षीच्या वी आवृत्तीत गेमक्यूबच्या दर्जाची दृश्ये आणि प्लेस्टेशन २ वरील अतिरिक्त मजकूर एकत्र आले. रिमोट पडद्याकडे रोखून नेम धरता येई, तर तो झटकल्यास सुरा चाले. नेम जलद व अचूक झाल्यामुळे खेळ काहीसा सोपा झाला, कारण त्यातील भीतीचा बराचसा भाग जागेवर उभे राहून, जवळ येणाऱ्या गर्दीवर नेम धरण्याच्या धडपडीत होता. जुने नियंत्रक वापरण्याचा पर्याय अर्थात कायम होता.

नंतरच्या आवृत्त्या

२०११ मध्ये प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० वर उच्च विभेदनाची आवृत्ती आली. २०१४ च्या संगणक आवृत्तीत सेकंदाला ६० चित्रचौकटींचा वेग मिळाला. पुढे २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन, तर २०१९ मध्ये निन्टेंडो स्विच यांवर खेळ उपलब्ध झाला. ‘सेपरेट वेज’ची कथादृश्ये मात्र मुळात प्लेस्टेशन २ साठी चित्रफीत म्हणूनच तयार झाली होती. त्यामुळे सुधारित आवृत्त्यांतही ती उर्वरित खेळाच्या तुलनेत अस्पष्ट दिसतात.

या सर्व आवृत्त्यांत नेम धरताना नायकाला चालता येत नाही, हा मूळ नियम टिकून राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑक्युलस क्वेस्ट २ साठी आलेल्या आभासी वास्तव आवृत्तीने तो मोडला. तीत खेळाडू लिओनच्या डोळ्यांनी पाहतो, चालता चालता गोळी झाडतो आणि शस्त्रे हाताने उचलून भरतो. काही संवादही त्या वेळी वगळण्यात आले. २०२३ चा त्याच नावाचा खेळ मात्र पूर्णपणे नव्याने बांधलेला असल्यामुळे त्याची गणना या आवृत्त्यांमध्ये होत नाही.