समुद्री प्लॅटफॉर्मची वातविवर-चाचणी

खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या उत्पादनासाठी समुद्रात उभारलेल्या प्लॅटफॉर्मवर वाऱ्याचे किती बल येते आणि त्याच्या आडोशाला वारा कसा विस्कटतो, हे लहान प्रतिकृतीवर मोजण्याची पद्धत. वातविवर म्हणजे पंख्याने नियंत्रित वेगाचा वारा वाहविणारा बोगदा. बहुधा 1:100 ते 1:300 प्रमाणातील प्रतिकृती त्यात फिरत्या तबकडीवर बसवून सर्व दिशांच्या वाऱ्यासाठी मोजमापे घेतात.

चाचणीची विश्वासार्हता प्रथम वाऱ्यावरच अवलंबून असते. पृष्ठभागाशी घर्षण झाल्याने वारा खाली मंद व वर वेगवान असतो; वाऱ्याच्या अशा थराला वातावरणीय सीमास्तर म्हणतात. तो निर्माण करण्यासाठी बोगद्याच्या तोंडाशी निमुळते सुळके उभे करून तळावर ठोकळे मांडतात. मात्र समुद्र जमिनीपेक्षा गुळगुळीत असल्याने शहरी इमारतींसाठी केलेली मांडणी येथे चालत नाही. दुसरी अडचण रेनल्ड्झ अंकाची, म्हणजे प्रवाहातील जडत्व व श्यानता (चिकटपणा) यांच्या प्रभावांच्या गुणोत्तराची असते. प्रतिकृतीत हा अंक प्रत्यक्षापेक्षा फारच कमी येतो. धारदार कडांच्या खोल्यांबाबत त्याने फारसे बिघडत नाही, कारण प्रवाह कडेपाशीच सुटतो. गोल नळ्यांवरील रोध (प्रवाहाला होणारा विरोध) मात्र वाजवीपेक्षा जास्त भरतो, म्हणून त्यांची जाडी किंवा खडबडीतपणा बदलून दुरुस्ती करावी लागते.

माणसांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हेलिडेकचा, म्हणजे हेलिकॉप्टर उतरण्याच्या मंचाचा, होय. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किमी.वरील, 1974 मध्ये शोध लागलेल्या मुंबई हायसारख्या क्षेत्रात कर्मचाऱ्यांची ने-आण मुख्यतः हेलिकॉप्टरने होते, आणि वैमानिकाला उतरताना डेरिक (खननाचा मनोरा), क्रेन व निवासी इमारत यांच्यामागचा खवळलेला वारा डोळ्यांना दिसत नाही. तो मोजण्यासाठी प्रतिकृतीतील हेलिडेकच्या वर निरनिराळ्या उंचींवर केसाहून बारीक अशी तापलेली तार धरतात. झोत येताच ती निवते आणि तिच्या विद्युत् संकेतातील बदलावरून वेगाचे क्षणोक्षणीचे चढउतार कळतात. ब्रिटिश नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या ‘कॅप 437’ या मार्गदर्शिकेनुसार उभ्या दिशेतील वेगाचे प्रमाण विचलन (चढउतारांचे माप) 1.75 मी./से.पेक्षा जास्त असल्यास किंवा गॅस टर्बाइनच्या धुरामुळे हवेचे तापमान 3 सेकंदांच्या सरासरीने 2° से.पेक्षा अधिक वाढत असल्यास हेलिकॉप्टर चालविणाऱ्या संस्थेला तसे कळवावे लागते. तापलेली हवा विरळ असल्याने रोटरची उचल व एंजिनाची शक्ती दोन्ही घटतात, म्हणून तापमानाची ही मर्यादा अतिदक्षतेची वाटली तरी योग्यच आहे. या उष्ण धुराच्या जागी प्रतिकृतीत हवेत हेलियम मिसळून सोडतात, कारण हलकेपणामुळे ते मिश्रणही तसेच वर चढते. हेलिडेकखाली वारा निघून जाण्यास मोकळी जागा ठेवल्यास वरचा प्रवाह बराच सुधारतो.

तरत्या, अर्धनिमज्जित प्लॅटफॉर्मबाबत वाऱ्याने होणाऱ्या कलण्याचा प्रश्नही असतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या फिरत्या खननमंचांविषयीच्या संहितेत सर्वसाधारण कार्यस्थितीसाठी 36 मी./से. व तीव्र वादळासाठी 51.5 मी./से. वाऱ्याचा विचार केलेला असून, कलविणारे परिबल (बलाचा फिरविणारा परिणाम) सूत्राऐवजी वातविवर-चाचणीने ठरविण्यास मुभा आहे. कललेल्या स्थितीत डेकची खालची बाजूही वाऱ्याला सामोरी येते आणि तिच्यावरील उचल परिबलात भर घालू शकते. केवळ क्षेत्रफळावर आधारलेल्या सूत्रात हा परिणाम नीट उतरत नाही.