रूळ घासून काय होणार?

प्रतिकृती-रेल्वेच्या छांदिष्टांत एक मत आता सिद्धान्ताच्या थाटात वावरू लागले आहे. इंजिन अडखळले, दिवा लुकलुकला, सांध्यावर गाडी जागीच थबकली, की निदान तयार असते: रूळ मळले आहेत. उपायही ठरलेला: रूळ घासा. तेवढ्याने भागले नाही तर इंजिनात कपॅसिटर बसवा, म्हणजे वीज क्षणभर तुटली तरी मोटर फिरत राहील. इंजिनाची कोणती चाके रुळातून वीज उचलतात आणि कोणती नुसतीच फिरतात, हे कोणी विचारतच नाही. आधी तेच विचारले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. तो पुरता मांडू. रुळांवर धूळ, तेल आणि काजळी साचते, हे खरे. स्वच्छ रुळावर प्रत्येक इंजिन बरे चालते, हेही खरे. डीसीसी पद्धतीत, म्हणजे जिच्यात इंजिनाला डिजिटल आज्ञाही रुळातूनच जाते, रुळांवर वीज कायम असते, त्यामुळे कपॅसिटर भरलेला राहतो. उलट प्रत्येक चाकाला पितळी पट्टी टेकवायची तर घर्षण वाढते, तारा वाढतात, तुटण्याच्या जागा वाढतात. आणि चार चाकांवर भागत नसते, तर कारखान्यांनी तशी इंजिने विकली असती का?

आता एक साधी गोष्ट पाहा. ज्या सांध्यावर चार चाकांचे शंटिंग इंजिन अडकते, त्याच सांध्यावरून दोन बोगींचे, आठही चाकांतून वीज घेणारे डिझेल इंजिन न अडखळता निघून जाते. रूळ तेच, मळही तोच. मग फरक कशाचा?

फरक भूमितीचा आहे. ताठ चौकटीत बसवलेली सहा चाके सहा ठिकाणी टेकतात, हा डोळ्यांचा भ्रम. उंचसखल फरशीवरचा चौरंग तीनच पायांवर उभा राहतो आणि चौथा डुगडुगतो, इंजिनाचेही तसेच. तीन बिंदूंनी एक प्रतल ठरते, चौथा बिंदू त्यात सापडला तर योगायोगाने. म्हणजे आसांना थोडी ढील दिलेली नसेल, तर भरवशाची टेकलेली चाके कोणत्याही क्षणी तीन: एका रुळावर दोन, दुसऱ्यावर एक. एका बाजूचा सगळा वीजपुरवठा त्या एकट्या चाकावर लटकलेला असतो. त्यातून पकड वाढावी म्हणून काही चाकांना रबरी कडी चढवलेली असतात. ती चाके वजन पेलतात, वीज मुळीच देत नाहीत. अशा एकट्या चाकाखाली धुळीचा कण आला आणि इंजिन थांबले, तर दोष कणाचा, की एकाच चाकावर विसंबणाऱ्या रचनेचा?

हिशेबही करून पाहू. समजा, एका चाकाचा स्पर्श शंभरात एकदा तुटतो. दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम तुटण्याची शक्यता दहा हजारांत एक. तीन असतील तर दहा लाखांत एक. कोणी म्हणेल, लांबच लांब मळका पट्टा असेल तर चाके स्वतंत्र कशी? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच चाके नुसती जास्त असून पुरत नाही, ती दूरदूर असावी लागतात. वाफेच्या इंजिनामागचा टेंडर त्यासाठीच मोलाचा. सांध्यातला फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लास्टिकचा असेल, तर तेवढ्या तुकड्यात वीज नसतेच. तो घासून चकचकीत केला म्हणून वीज येणार आहे का? तिथे वीज उचलणारी पहिली आणि शेवटची चाके त्या तुकड्यापेक्षा लांब अंतरावर असणे, एवढाच उपाय चालतो.

मळाला निव्वळ कारण मानणेही चूक आहे. स्पर्श तुटताना बारीक ठिणगी उडते आणि तिने धातूवर काळा थर चढतो. म्हणजे अपुरा स्पर्श स्वतःच मळ निर्माण करतो. चाके वाढली की प्रत्येकावरचा प्रवाह घटतो, ठिणग्या कमी होतात. खरखरीत कागदाने घासलेल्या रुळावर मात्र ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्यांतच धरून बसतो.

जर्मनीच्या मेर्कलिनची गाडी पाहा. तिथे दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे, त्यामुळे डावी-उजवी दोन्हीकडची चाके मिळून परतीचा मार्ग होतात. दुसरा ध्रुव मधल्या खुंट्यांवरून, एका वेळी अनेक खुंट्यांना टेकणाऱ्या लांब पट्टीने उचलला जातो. ही गाडी भरवशाची ठरली ती स्पर्शांच्या संख्येमुळे. याच्या उलट, जपानमध्ये बनून अमेरिकेत विकल्या गेलेल्या पितळी प्रतिकृतींत एका रुळाची वीज इंजिन घेई आणि दुसऱ्याची टेंडर. अर्धी चाके असून नसल्यासारखी. तेव्हा कारखान्याने केले म्हणून ते योग्य, हा युक्तिवाद टिकत नाही. कारखाना खर्चही पाहतो.

राहिला कपॅसिटर. १००० मायक्रोफॅरडचा घेऊ. १४ व्होल्टवरून ७ पर्यंत उतरताना ०.२ अँपिअरच्या भाराला तो ३५ मिलिसेकंद पुरतो. एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात ताशी ५ किलोमीटरच्या चालीने इंजिन तेवढ्यात अर्धा मिलिमीटर सरकते. प्लास्टिकचा फ्रॉग त्याच्या वीसपट लांब असू शकतो. सुपरकपॅसिटर काही सेकंद देतात, मान्य. पण छोट्या इंजिनात त्यांना जागा कुठे? शिवाय ते वीज देतात, आज्ञा देत नाहीत. आज्ञा रुळातूनच येते. स्पर्श तुटलेल्या इंजिनाला ‘थांब’ ऐकूच जात नाही. ते आधीच्या वेगाने पुढे जाते. आणि साध्या डीसी पद्धतीत, दिशेबरोबर ध्रुव उलटत असल्यामुळे, हा उपाय असा सरळ लागूच पडत नाही.

घर्षणाचा आक्षेप खरा आहे, पण तो जाड पट्ट्यांवर. फॉस्फर ब्राँझची ०.३ मिलिमीटरची तार चाकाच्या आतल्या बाजूस हलकी टेकवली तर चाक बोटाने सहज फिरते. फिरत नसेल तर तार वाकवून दाब कमी करावा. टेंडरकडे जाणारी तार मऊ, अनेक बारीक धाग्यांची घ्यावी, वळणावर ताण येणार नाही इतकी लांब ठेवावी. उजवीकडची सारी चाके डिकोडरच्या, म्हणजे इंजिनात बसवलेल्या आज्ञा वाचणाऱ्या सर्किटच्या, लाल तारेला जोडावीत, डावीकडची काळ्या तारेला.

ज्यांना माझे म्हणणे पटत नसेल त्यांनी रूळ घासण्यापूर्वी इंजिन उलटे ठेवावे, मीटरची एक सुई डिकोडरच्या लाल तारेवर धरावी आणि दुसरी उजवीकडच्या एकेका चाकाला लावत जावी. मग काळी तार आणि डावी बाजू. जे चाक मीटरला गप्प ठेवते, दुरुस्ती तिथून सुरू करायची. कपॅसिटर त्यानंतर, जागा उरली तर.